तालुक्याचा बी.ए. आणि दिल्लीचा फॉर्म

डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एक घर पाडायला घेतलं गेलं. कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा कोर्टातून आणला होता. गाव चिडलं आणि त्याने सावकारांशी व्यवहार बंद केला. बहिष्काराचं हे लोण गावोगाव पसरत गेलं. १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या बारामती-दौंड पट्ट्यात, सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, कर्जखतं आणि वह्या बाहेर काढल्या आणि पेटवून दिल्या. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आज हे दंगे सगळ्यात बारकाईने कोण वाचतं? एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात वसाहतकाळातल्या ग्रामीण भागावर एक प्रकरण आहे आणि त्यातली बरीच पानं सुप्याला दिलेली आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१नंतर आपल्याकडच्या कापसाला भाव कसा चढला, युद्ध संपताच तो कसा कोसळला, सावकारांनी हात कसा आखडता घेतला आणि त्याच सुमारास शेतसारा कसा वाढवला गेला, हे सगळं त्यात आहे. दिल्ली, जयपूर, पाटणा इथली मुलं ते पाठ करतात, कारण दिल्ली विद्यापीठात इतिहासाला प्रवेश हवा असेल तर ज्या परीक्षेतून जावं लागतं, तिचा अभ्यासक्रम या पुस्तकावर आहे. करड्याची मुलगी राज्य मंडळाचं पुस्तक वाचते आणि त्याची सुरुवात युरोपातल्या प्रबोधनाने होते. तेही शिकायलाच हवं. पण तिच्या तालुक्याचा प्रश्न विचारणारी एक परीक्षा देशात होते, ती तिला मराठीतून देता येते आणि त्या परीक्षेतून दिल्लीच्या उत्तम कॉलेजात जाता येतं, हे बहुतेक वेळा तिला कुणी सांगितलेलं नसतं.

माझा विषय तोच आहे. नामवंत विद्यापीठांची दारं खेड्यातल्या मुलांना उघडायची असतील, तर त्यातलं सगळ्यात जवळचं दार आर्ट्सचं आहे आणि आपण त्याच दाराकडे पाठ करून बसलो आहोत, असं माझं ठाम मत आहे.

दहावीचा निकाल लागला की शिरूर-दौंडच्या घरांत काय बोललं जातं ते सर्वांना ठाऊक आहे. मार्क चांगले असले की सायन्स. बरे असले की कॉमर्स. उरलेल्यांनी आर्ट्स. एखाद्या हुशार मुलाने आपणहून आर्ट्स घेतलं तर पाव्हणे विचारतात, "सायन्सला नंबर लागला नाही का?" रांजणगाव आणि कुरकुंभची एमआयडीसी डोळ्यांपुढे आहे, पुण्यात आयटी आहे, घरात दोन-चार एकर जमीन आणि कारखान्याचं उसाचं बिल. अशा घराने हातात लवकर पैसा देणारी पदवी मागितली तर त्यात गैर काहीच नाही. चूक होते ती पुढे. आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची शाखा असं एकदा ठरलं की तिच्यात पुस्तकांऐवजी गाइड येतं, वर्गाऐवजी फक्त परीक्षा येते आणि तीन वर्षांनी हातात पडणारी पदवी खरोखरच पोकळ निघते. मग लोक म्हणतात, बघा, बी.ए. करून काय मिळालं?

आता प्रवेशाचं गणित नीट पाहू. २०२१पर्यंत दिल्ली विद्यापीठात बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळे. त्या वर्षी काही कॉलेजांत काही विषयांची कटऑफ थेट शंभर टक्क्यांवर गेली होती. ज्यांची मंडळं सैल हाताने मार्क देत, त्यांना ही पद्धत सोयीची होती. शिरूरच्या आर्ट्सच्या विद्यार्थ्याला, ज्याला मराठीत आणि इतिहासात पंचाण्णवच्या पुढे मार्क मिळणं जवळपास अशक्य, तिथे जागा नव्हती. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. ती १३ भाषांतून देता येते आणि मराठी त्यातली एक आहे. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल यांचे पेपर मराठीतून निवडता येतात. दिल्ली विद्यापीठात इतिहास ऑनर्सला जी एक भाषा दाखवावी लागते, ती मराठी चालते. मानव्यशाखेतले बरेचसे पेपर तिथे हिंदीतूनही लिहिता येतात. सरकारी विद्यापीठ असल्याने फी खाजगी विद्यापीठांच्या मानाने फार कमी. केंद्रीय आरक्षण लागू आहे: ओबीसी २७ टक्के, अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती साडेसात, आर्थिक दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस) १०. कागदावर हे दार इतकं उघडं पूर्वी कधीच नव्हतं.

तरी ते उघडं दिसत नाही. पहिली अडचण तारखेची. आपल्याकडे कॉलेजचा विचार बारावीचा निकाल लागल्यावर सुरू होतो. मे-जूनमध्ये गुणपत्रिका हातात घेऊन वडील मुलाला घेऊन कॉलेजात जातात, फॉर्म घेतात, फी भरतात. सीयूईटीचा फॉर्म मात्र निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो, बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास किंवा त्याही आधी. निकालानंतर चौकशी करणाऱ्याचं वर्ष गेलेलं असतं. दुसरी अडचण पुस्तकाची, ती वर आलीच. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, पण इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत. पेपर मराठीत आणि पुस्तक मराठीत नाही, ही विचित्र अवस्था राज्याच्या शिक्षण खात्याला एका वर्षात दूर करता येईल. ते पुस्तक मराठीत आणून तालुक्याच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात ठेवायला किती खर्च येणार आहे? तिसरी अडचण दाखल्याची. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. ईडब्ल्यूएसचंही तसंच. कुणबी दाखला असलेल्या मुलालाही केंद्राच्या यादीतून ओबीसीचा लाभ मिळतो, पण कागद योग्य नमुन्यात हवा. हे ऐन जुलैत दिल्लीत कळलं तर परत येऊन तहसील कार्यालयात रांग लावण्यापलीकडे काही उरत नाही.

हे सगळं झाल्यावर इंग्रजीचा आणि एकटेपणाचा प्रश्न येतो. तो खरा आहे आणि पहिलं वर्ष जड जातं. पण तो सुटतो, कारण तो सुटलेला आपण पाहिला आहे. बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या राजू केंद्रे यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ग्रामविकास शिकले आणि २०२१मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना देशातल्या नामवंत संस्थांच्या प्रवेशाची तयारी करून देते. या वाटेची सुरुवात मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ने झाली, हे आर्ट्सला नाव ठेवणाऱ्या प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं.

पण प्रवेश मिळाला तरी शिकायचं काय आणि कशासाठी? याचं उत्तर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला जमिनीखाली सापडलं.

१९६८पासून डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे एकामागून एक हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झ. द. अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. इ.स.पू. १६००च्या सुमारास वसलेलं आणि इ.स.पू. ७००च्या सुमारास ओस पडलेलं एक शेतकरी गाव त्यांनी घर-घर करून उघडं केलं. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. जळालेल्या दाण्यांवरून कळलं की लोक मुख्यतः बार्ली पिकवत. पाणी वळवायला त्यांनी बांध आणि पाट काढले होते. लहान मूल गेलं तर दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठी माणसं आडवी पुरत आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. मग एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात वेगळंच काही निघालं. चार पायांचा, पोट फुगलेला मातीचा रांजण आणि त्यात बसलेल्या स्थितीत चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष. त्याचे पाय शाबूत होते. घराशेजारी धान्याचं कोठार होतं. घर, कोठार, रांजण आणि न तोडलेले पाय यांवरून अभ्यासकांनी तो गावाचा प्रमुख असावा, असं अनुमान काढलं. लिखाणाची एक ओळ नसलेल्या समाजात सत्ता कुणाकडे होती, हे इतक्या बारीक खुणांवरून वाचता येतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उत्खननाच्या वरच्या थरांत होती. इ.स.पू. १०००च्या पुढे ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि लोक गुरं, शेळ्या-मेंढ्यांच्या मागे फिरू लागले. ढवळीकरांनी याचा संबंध घटत्या पावसाशी लावला. शिरूर-दौंडच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही हे वाचताना अंगावर काटा येईल. आपला दुष्काळ तीन हजार वर्षांचा आहे आणि त्याला तोंड देण्याची माणसाची धडपडही.

ज्यांनी हे शोधलं त्यांच्या ज्ञानाला आपल्या व्यवहारात 'आर्ट्स' म्हणतात. शिरूरची एसटी नगर रस्त्याने पुण्यात शिरते आणि येरवड्यावरून पुढे जाते. तिथेच १८२१च्या संस्कृत पाठशाळेची परंपरा सांगणारं आणि १९३९पासून संशोधन संस्था म्हणून काम करणारं डेक्कन कॉलेज आहे. तिथल्या पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. इनामगावच्या पंचक्रोशीतल्या मुलांना हे माहीत असायला हवं.

आता दख्खनच्या दंग्यांकडे पुन्हा येतो, कारण आर्ट्सच्या पदवीचं मोल मला तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं. दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७८मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९मध्ये शेतकऱ्यांना सावकारांपासून थोडं संरक्षण देणारा कायदा झाला. आयोगाला मुद्दाम विचारलं होतं, की सरकारी साऱ्यामुळे लोक भडकले का? साक्षी-पुरावे घेऊन आयोगाने उत्तर दिलं: नाही, दोष सावकाराचा. एनसीईआरटीचं पुस्तक इथे विद्यार्थ्याला थांबवतं आणि विचार करायला लावतं, की सारा वाढवणारं सरकारच चौकशी करत असेल, तर त्याच्या निष्कर्षावर किती विसंबायचं? अहवाल फेकून द्यायचा नाही, त्यातले आकडे आणि जबान्या अमोल आहेत. पण कुणी, कुणासाठी, कोणता प्रश्न विचारून लिहिला हे पाहून तो वाचायचा.

हे कौशल्य सतराव्या-अठराव्या वर्षी कुणी शिकवलं तर ते जन्मभर पुरतं. कारखाना येणार म्हणून गावात जनसुनावणी लागते. पर्यावरणाच्या अहवालाचा मराठी सारांश मिळतो आणि जाडजूड मूळ अहवाल बहुतेक इंग्रजीत असतो. तो उघडून, 'भूजलाची नोंद कुठल्या महिन्यात घेतली?' असं उभं राहून विचारणारी मुलगी गावाला हवी असते. ती इतिहास किंवा भूगोल नीट शिकलेली असली तर हे करू शकते. कर्जमाफीचा शासन निर्णय, भूसंपादनाची नोटीस, सोसायटीचा ताळेबंद, सगळीकडे हाच उपयोग. पगारातही त्याचं उत्तर आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्यायावर गोल करण्याऐवजी उत्तर लिहावं लागतं, निबंध लिहावा लागतो. यूपीएससीत एकटा निबंध २५० गुणांचा आहे. पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसलेल्या मुलांना जे उशिरा आणि घाईने शिकावं लागतं, ते चांगल्या बी.ए.त शांतपणे शिकता येतं. मात्र स्पर्धा परीक्षेची शिडी एवढीच बी.ए.ची किंमत असं मी म्हणणार नाही. बहुतेकांचा त्या परीक्षेत निकाल लागत नाही. शिकलेलं मात्र हातात राहतं.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना या विद्येचा वारसाही आहे. दौंड तालुक्यात, पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन आहे. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशन उभारलं. १८९६-९७च्या दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली तिथे आल्या. ज्या बाईंना १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, ज्या पुढे इंग्लंड-अमेरिकेत राहून आल्या, त्यांनी उतारवयात केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. छापखाना मिशनचाच, टाइप जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या तिथल्या मुलीच. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या आणि छापील ग्रंथ १९२४मध्ये पुरा झाला. त्यांच्या धर्माविषयी कुणाचं काहीही मत असो, दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींच्या हातून हिब्रू-ग्रीकवरून केलेला ग्रंथ छापला गेला ही घटना केडगावात घडली आहे.

शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक असंच नोंदलं गेलेलं गाव. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी त्या कोरडवाहू गावाची जमीन, कर्ज आणि कुटुंबांचा जमाखर्च तपासला आणि १९२१मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मान यांचा आधीचा अभ्यास पिंपळे सौदागरचा होता आणि त्यातले आकडे घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८मध्ये छोट्या शेतजमिनीच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीवर माणसांचा बोजा जास्त आहे, त्यांना उद्योगांत काम मिळाल्याशिवाय शेतीचं भलं होणार नाही, असं त्यांनी मांडलं. रांजणगावच्या गेटवर कंत्राटी कामासाठी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मुलाशी या निबंधाचा थेट संबंध आहे. आणि बाबासाहेब हे लिहू शकले, कारण १९१३मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिथे ते अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकले. एका वंचित मुलाला जगातल्या उत्तम विद्यापीठात समाजशास्त्रं शिकायला पाठवण्याचा तो निर्णय होता. या देशाला तो किती फळला ते सांगायला नको.

म्हणूनच २०२२चा एक निर्णय मला फार लागला. अनुसूचित जाती, भटके विमुक्त, भूमिहीन मजूर यांच्या मुलांना परदेशी पाठवणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे समाजशास्त्रीय विषय वगळण्यात आले. १२५ जागांच्या योजनेत ही काटछाट कशासाठी? 'भारतातील जाती' हा निबंध बाबासाहेबांनी १९१६मध्ये कोलंबियातच वाचला होता. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी मिळते. राज्याने मानव्यविद्यांसाठी तिचं दार रुंदच ठेवलं पाहिजे. २०२४मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, ते चांगलंच झालं. अनुदानित बी.ए.ची फी मुळात कमी असते. पण दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरूला बी.ए. करायला जाणाऱ्या मुलीचा प्रवास आणि वसतिगृह हा खर्च फीपेक्षा मोठा आहे आणि तिच्यासाठी तशी ठळक योजना दिसत नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला. टेक्सासने १९९७मध्ये कायदा करून राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश दिला, शाळा गावातली असो की शहरातली. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलने २०१६पासून मागास परिस्थितीतल्या मुलांसाठी वर्षभराचा पायाभरणी अभ्यासक्रम चालवला आणि २०२३पासून विद्यापीठानेच तसा सुरू केला. दोन्हींमागची समज एकच, की हुशारी सगळीकडे वाटलेली आहे, तयारी तशी वाटलेली नाही. पुण्यातल्या नामांकित स्वायत्त कॉलेजांनी आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या आर्ट्सच्या मुलांना अशा काही जागा आणि एका उन्हाळ्याची इंग्रजीची तयारी द्यायला काय हरकत आहे?

आणि जे जाणार नाहीत, त्यांचं काय? बहुतेक मुलं-मुली शिरूरच्या बोरा महाविद्यालयात, दौंडच्या कटारिया महाविद्यालयात, तळेगाव ढमढेऱ्याच्या ढमढेरे महाविद्यालयातच शिकणार. संध्याकाळी घरी परत येता येतं म्हणूनच कितीतरी मुलींना कॉलेज पाहायला मिळतं. या कॉलेजांतली आर्ट्सची शाखा टिकली आणि कसदार झाली, तरच दिल्लीला किंवा डेक्कन कॉलेजला जाणारी मुलं तयार होतील. त्यासाठी रिकाम्या पदांवर पूर्णवेळ प्राध्यापक हवेत. इतिहासाच्या वर्गाने वर्षातून एकदा इनामगावला, एकदा केडगावला जावं. भूगोलाच्या मुलांनी जातेगावचा अभ्यास शंभर वर्षांनी पुन्हा करावा, घरोघर जाऊन. असा प्रकल्प हातात घेऊन कोणत्याही विद्यापीठाच्या मुलाखतीला बसलेल्या मुलीला तिच्या इंग्रजीची चिंता कमीच करावी लागेल.

तुमच्या घरात किंवा वस्तीत या वर्षी कुणी बारावी आर्ट्सला असेल, तर निकालाची वाट पाहू नका. दिवाळीनंतर सीयूईटीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, फॉर्ममध्ये माध्यम मराठी निवडता येतं का ते पाहून निवडा, एनसीईआरटीचं इतिहासाचं पुस्तक मोबाइलवर उतरवून घ्या आणि तहसीलमध्ये दाखला मागताना 'केंद्राच्या नमुन्यातला' असं स्पष्ट सांगा.